चुकलेली भैरवी

काळजी करायला मला कारण लागत नाही. नवरा म्हणतो, एखाद्या दिवशी तुला घरात काळजी सापडली नाही, तर तू सरोजिनीच्या बाजारात जाऊन घासाघीस करून घेऊन येशील. त्यामुळे एका रविवारी बाबांनी आमच्या ग्रुपवर ‘या आठवड्यात भैरवी. कान तिथेच अडकलाय,’ एवढंच लिहिलं आणि मी काळजीला लागले, यात घरात कुणालाच नवल वाटलं नाही. पण या वेळी मी उगाच घाबरले होते, असं मला आजही वाटत नाही.

हा ग्रुप म्हणजे दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समधली जुनी मराठी मंडळी. मी शाळेत होते तेव्हा हे सगळे रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत जमायचे. सगळे केंद्र सरकारचे नोकर, सगळे गाण्याचे वेडे. आई पोहे करायची आणि मग प्रत्येकाने आठवडाभरात काय ऐकलं ते सांगायचं. नियम एकच. नुसतं ‘छान होतं’ म्हणून सुटका नाही, कान कुठे अडकला ते सांगायचं. कुणाचा एखाद्या तानेत अडकलेला असायचा, कुणाचा तबल्याच्या एका थापेवर. समोरच्या क्वार्टरमधल्या, मूळच्या अहमदनगरच्या काकू चर्चमधला ऑर्गन वाजवून थेट पोह्यांना यायच्या आणि म्हणायच्या, “माझा कान आज पेडलवर अडकलाय. कुरकुरतंय मेलं, कुणाकडे तेल आहे का?” हळूहळू सगळे निवृत्त झाले, क्वार्टर्स सुटली, कुणी द्वारकेला गेलं, कुणी गाझियाबादला, आमचे आईबाबा नोएडाला. मग रविवार फोनवर आला. पोहे गेले, पण प्रश्न तोच राहिला: कान कुठे अडकला?

बाबा लिहायला बसले की सुटायचे. कुणाच्या मारव्यात कुठल्या क्षणी ऊन उतरलं, कुणाची तान सरकारी फायलीसारखी टेबलाटेबलावर थांबत गेली, आणि शेवटी ग्रुपमधल्या कुणाची तरी खोडी. मागच्या हिवाळ्यात आई गेली तेव्हा ते काही आठवडे गप्प होते. मग पुन्हा लिहायला लागले. खोड्या कमी झाल्या होत्या, पण लिहीत होते. मी मनात म्हटलं, चला, माणूस रुळावर आला.

आणि मग ही एका ओळीची भैरवी.

आमच्या घरात भैरवी म्हणजे रात्री दाराला कडी लावणं. एकदा लावली की पुन्हा उघडायची नाही. बाबा ती मधेच कधी लावू द्यायचे नाहीत. रेडिओवर चुकून लागली तर ऐकून घ्यायचे आणि नंतर रेडिओच बंद करायचे, पुढे कितीही चांगला कार्यक्रम असो. ‘भैरवीनंतर काय उरतं?’ असं म्हणायचे. आपल्याकडे कुणी कलावंत गेला की पेपरात ‘मैफिलीची भैरवी झाली’ असा मथळा येतोच. दिल्लीत वाढल्यामुळे माझे कितीतरी मराठी शब्द गळून पडलेत, पण या शब्दाचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी पुन्हा भैरवी, दुसऱ्या कुणाची तरी. त्याच्या पुढच्या रविवारीही. ग्रुपवर एकाने नुसते जोडलेले हात पाठवले. एका गृहस्थांनी लिहिलं, ‘काय साहेब, मैफल आटोपती घेतलीत की काय?’ त्याला बाबांनी हसरा चेहरा पाठवला. त्या हसऱ्या चेहऱ्याकडे मी किती वेळ बघत बसले होते! माणूस खरंच हसत असला की असं पिवळं तोंड पाठवत नाही, अशी माझी खात्रीच झाली.

“यार, पापा गाना ही तो सुन रहे हैं,” नवरा म्हणाला. तो पंजाबी. त्यांच्याकडे लग्नात सुरुवातीलाच सगळे इतक्या मोठ्याने गातात की शेवट कधी झाला ते कळत नाही. त्याला भैरवीचं भय काय समजावणार?

मग काकूंचा फोन आला. पोह्यांना येणाऱ्या त्याच काकू. आता द्वारकेला लेकाकडे असतात.

“अगं, तुझ्या बाबांचं काय चाललंय?”

“का हो काकू?”

“मी काल सरळ विचारलं त्यांना. म्हटलं, भावजी, सारखी भैरवी कशाला? तर म्हणाले, ‘वहिनी, उरलेल्या ऐकून घेतोय.’ आणि फोन ठेवला. मला काही ते बरं नाही वाटलं. तू जाऊन ये बाई.”

उरलेल्या ऐकून घेतोय. म्हणजे काय? कशाच्या आधी ऐकून घेतोय? मी भाजी चिरत होते, ती तशीच टाकली आणि खुर्चीवर बसले. माझ्या मनाला एकदा उतार मिळाला की ते थांबत नाही. बाबांना काही आजार निघालाय आणि ते सांगत नाहीयेत, इथपासून सुरुवात झाली. मग त्याहून वाईट विचार आला, जो मी नवऱ्यालासुद्धा सांगितला नाही. बाबांच्या फ्लॅटची गॅलरी चौथ्या मजल्यावर आहे आणि तिचा कठडा मला पहिल्या दिवसापासून बुटका वाटत आलाय.

शनिवारी गेले. घर नको इतकं आवरलेलं. एरवी बाबांच्या टेबलावर कॅसेट्स, चष्म्याची घरं, शेंगदाण्याची टरफलं असा पसारा असतो. तो पसारा बघून मी चिडचिड करते, ते ‘राहू दे गं’ म्हणतात, असा आमचा नेम. त्या दिवशी टेबल लख्ख. कशावर चिडावं ते मला कळेना. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले आणि औषधांचा डबा उघडून पाहिला. गोळ्या वेळच्या वेळी घेतल्यासारख्या दिसत होत्या. गॅसचं बटण पाहिलं. गॅलरीत जाऊन कठड्याला हात लावून आले. माझ्या कमरेच्या वर येत होता, पण मी बुटकी आहे.

मग दाराजवळच्या खुंटीकडे लक्ष गेलं. तिथे बाबांचा काळा ओव्हरकोट असायचा. दिल्लीत पहिल्यांदा आले तेव्हा शिवलेला, आत अस्तर बदलून बदलून आजवर चाललेला. खुंटी रिकामी होती.

“बाबा, कोट कुठाय?”

“गार्डला दिला. बिचारा रात्रभर गेटवर असतो.”

“अहो पण अजून थंडी सुरूसुद्धा झाली नाही!”

“मला काय करायचाय आता,” बाबा म्हणाले आणि चहात साखर ढवळत बसले. डॉक्टरांनी साखर बंद केल्याला वर्षं झाली.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. अख्खा हिवाळा समोर होता. दिल्लीत जो माणूस दिवाळीला कोट देऊन टाकतो, तो हिवाळ्याचा हिशेब धरतच नाहीये, असंच मला वाटलं. आमच्या घरात असं सरळ विचारायची पद्धत नाही. आम्ही गंधार कोमल की शुद्ध यावर भांडण करू, पण ‘तुम्हाला जगावंसं वाटतं ना?’ हे कसं विचारायचं? मी त्यांना म्हटलं, “रात्री खिडकी लावून झोपत जा.” ते म्हणाले, “बिल्कुल.”

त्यानंतर दुपारी त्यांचा फोन लागेनासा झाला. सकाळी लागायचा, संध्याकाळी लागायचा, दुपारी बंद. विचारलं तर म्हणाले, झोपतो. माझ्या बाबांना उभ्या आयुष्यात दुपारी झोपलेलं मी पाहिलेलं नाही. दुपारी झोपणाऱ्यांबद्दल ते काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी एका कामाच्या दिवशी मला राहवेना. कॉलेजातलं माझं दुपारचं लेक्चर दुसऱ्या बाईंच्या गळ्यात मारलं आणि मुनिरकाहून मेट्रो पकडली. मजेंटा लाइन थेट नोएडाच्या बॉटॅनिकल गार्डनला जाते, पण त्या दिवशी ती गाडी मला प्रत्येक स्टेशनवर मुद्दाम रेंगाळतेय असं वाटत होतं. मी फोन लावत होते, पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई सांगत होती, आपण डायल केलेला क्रमांक बंद आहे. समोर बसलेल्या मुलीने मला विचारलं, “आंटी, आप ठीक हैं?” मी मान हलवली. लहानपणीसुद्धा माझं असंच व्हायचं. कुणाला घरी यायला थोडा उशीर झाला की मी काही खायची नाही, बोलायची नाही, फक्त रस्त्याकडे बघत राहायची.

चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा बाबांच्या दारामागून गाणं ऐकू येत होतं. भैरवी. जुनं, खरखरणारं रेकॉर्डिंग. मला हायसं वाटलं. गाणं चालू आहे म्हणजे माणूस आहे. बेल वाजवायला हात उचलला आणि तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला.

“चुकलीस.”

थोडा वेळ नुसतं गाणं. मग पुन्हा बाबा. हसत होते.

“पुन्हा चुकलीस. मी सांगत नव्हतो?”

हात तसाच राहिला. घरात कुणी असणं शक्य नव्हतं. कामवाली सकाळी येऊन जाते, आणि तिला बाबा ‘आप’ म्हणतात. ‘चुकलीस’ असं ते फक्त एका माणसाला म्हणायचे, आणि तो माणूस गेल्या हिवाळ्यात गेला होता. गॅलरीची माझी भीती बाजूला पडली आणि दुसरीच, तिच्याहून थंड भीती वाटली. बाबा आमच्यात आहेत की निघून गेलेत? त्या दारासमोर उभं असताना मला आईची इतकी आठवण आली की मी मोठ्याने तिला हाक मारते की काय असं झालं. असल्या वेळी काय करायचं ते तिलाच कळायचं.

बेल वाजवली. गाणं थांबलं. बाबांनी दार उघडलं. अंगावर आईची मोठी तपकिरी शाल होती. मला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“तू? या वेळी? काय झालं? मुलं बरी आहेत ना?”

“मुलं बरी आहेत. तुम्ही कुणाशी बोलत होता?”

“कुणाशी म्हणजे?”

“बाबा, मी दाराबाहेर उभी होते.”

आणि मग माझा बांध फुटला. एकामागून एक सगळं बाहेर आलं. इतक्या आठवड्यांच्या भैरव्या, कोट, टेबल, बंद फोन, काकूंना म्हणालेलं ‘उरलेल्या’. गॅलरीच्या कठड्याचंसुद्धा बोलून गेले. बाबा आधी गोंधळले, मग चिडले.

“म्हणजे मी उडी मारणार असं वाटलं तुला? हे गुडघे घेऊन? त्या कठड्यावर चढायला मला शिडी लागेल!”

मी रडत होते. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, आत जाऊन चहा टाकला आणि तिथूनच बोलू लागले. समोरासमोर बोलायचं नसलं की त्यांना स्वयंपाकघर लागतं.

मला एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक होती. आईबाबा कोपर्निकस मार्गाच्या आसपासच्या सभागृहांत होणाऱ्या हिवाळ्यातल्या मैफिलींना जायचे, आणि त्यांनी एकाही मैफिलीची भैरवी ऐकलेली नव्हती. कारण शेवटची बस. भैरवीला बसलं तर बस चुकणार, मग सरोजिनी नगर गाठायचं कसं? स्कूटरवाले, म्हणजे दिल्लीतले रिक्षावाले, अव्वाच्या सव्वा मागायचे. म्हणून मोठा राग संपला, गायक पाणी प्यायला लागले, की ही दोघं शाली सावरत उठायची. आमच्या घरात कुणी जेवणावरून लवकर उठलं तरी आई म्हणायची, “शेवटची बस आहे का रे?”

“बसमध्ये आमचा एक खेळ असायचा,” बाबा म्हणाले. “आता तिकडे भैरवी सुरू झाली असेल. काय म्हणत असतील? तुझी आई अंदाज करायची. ठुमरी, दादरा, एखादं भजन. आणि म्हणून दाखवायची हळूच. एकदा कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, ‘बहनजी, ज़रा ज़ोर से.’ लाजून लाल झाली होती.”

आता त्या मैफिली कुणी कुणी इंटरनेटवर टाकतं. मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसणारे रसिक तेव्हा असायचेच. बाबांना त्यातली एक सापडली. मधेच वीज गेली होती आणि गायक माइकशिवाय अंधारात गात राहिले होते, त्यावरून त्यांनी ती ओळखली. मग दुसरी शोधली, मग तिसरी. दुपारी फोन बंद करून ते त्या ऐकत होते. मोठा राग नाही, ती दोघं उठून आल्यानंतरचं तेवढंच. आईने बसमध्ये काय म्हटलं होतं ते त्यांना जवळजवळ सगळं आठवत होतं. ते आता पडताळून बघत होते.

“किती बरोबर निघाल्या?”

“कसल्या बरोबर! बहुतेक सगळ्या चुकल्या. आणि काय तोऱ्यात म्हणायची!” बाबा कप घेऊन बाहेर आले. “पण खरं सांगू? ह्यांच्या भैरवीपेक्षा तिचीच बरी वाटते.”

“आणि कोट?”

“खांद्याला जड होतो गं आता. हिची शाल आहे की.”

“मग मला सांगायचं होतंत ना हे.”

“तू लगेच काळजी करायला लागली असतीस. म्हातारा बायकोशी बोलतो म्हणून.”

मला हसू आलं आणि हसताहसता पुन्हा रडू आलं. बाबा बोलत राहिले. बसमध्ये खिडकीची काच कधी लागायची नाही, वारा कसा लागायचा, ती बस कशी रिकामी असायची, कारण लोक मागच्या बसने यायचे.

“मागच्या कुठल्या?”

“मागून अजून एक यायचीच की. भैरवी ऐकून निघालेले सगळे त्याच...”

ते कप बशीत नीट ठेवायला लागले. तो नीटच होता.

“बाबा, शेवटची बस कुठली होती?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “शेवटची बस ही तुला सांगायची गोष्ट होती,” ते म्हणाले.

मग ते सांगू लागले. पहिल्या वर्षी ते दोघे भैरवी संपेपर्यंत थांबले होते. मला काकूंकडे ठेवलं होतं. परत आले तेव्हा मी काकूंच्या गॅलरीत उभी होते. जेवलेली नव्हते, झोपलेली नव्हते. काकूंनी आत न्यायचा प्रयत्न केला की गज घट्ट धरायचे. थंडीने बोटं इतकी गार झाली होती की आईने ती एकेक करून सोडवली. दुसऱ्या दिवशी ताप. तेव्हा आईने ठरवलं, भैरवीला थांबायचं नाही.

“मी म्हटलं, आपण जायचंच बंद करू. तर म्हणाली, एवढं काही नको. मोठा राग मिळतो ना? भैरवी कुठे पळून जातेय, पुढच्या वर्षी ऐकू.” बाबा शालीचं टोक बोटाला गुंडाळत होते. “तू मोठी झालीस तोवर सवय लागली होती. मग तिचे गुडघे गेले. काकूंना आम्ही शपथ घातली होती, तुला कधी सांगायचं नाही म्हणून. तू त्याचीही काळजी करत बसली असतीस.”

माझ्या या स्वभावावर घरात सगळे हसतात, मीही हसते. आईने त्यावर कधी विनोद केला नव्हता, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. तिच्या गाण्याचा शेवटचा घास ती दर वेळी माझ्यासाठी पानात ठेवून उठली आणि मला सांगितलं काय, तर बस. मला तिचा रागच आला. मग फार माया आली.

“असं तोंड करू नकोस,” बाबा म्हणाले. “बस वळली की गॅलरीत तू दिसायचीस. हिचं गाणं तिथे थांबायचं. दर वेळी म्हणायची, ‘आहे गं बाई उभी.’ फार बरं वाटायचं तिला, खोटं नाही सांगत.”

माझा फोन वाजला. नवऱ्याचा मेसेज, कब तक आओगी? मी असल्या मेसेजला तिथल्या तिथे उत्तर देते. तो माणूस घरी वाट बघत असेल, या विचाराने मला बसवत नाही. बाबांनीही सवयीने घड्याळाकडे पाहिलं. “जा आता. अंधार पडेल.”

“थांबते,” मी म्हटलं आणि फोन पालथा ठेवला.

बाबांनी थोडा विचार केला. मग टॅबवर बोट फिरवून एक मैफल काढली. अजून ऐकलेली नव्हती म्हणाले, उद्यासाठी ठेवली होती. मोठा राग संपत आला होता. टाळ्या झाल्या. कुणीतरी खोकलं. तंबोरे पुन्हा लागायला लागले, आणि त्या आवाजात जवळच कुठेतरी खुर्च्या सरकल्या, माणसं उठल्याची कुजबुज झाली.

“हे आम्ही,” बाबा म्हणाले. “तुझी आई चप्पल शोधतेय.”

मी ऐकत राहिले. पावलं लांब गेली. तंबोरे जुळले.

बाबा माझ्याकडे वळले. “पटकन सांग. काय म्हणतील?”

आई पोळ्या लाटताना एक दादरा म्हणायची. मला तेवढाच येतो, आणि तोही निम्मा. मी घसा साफ केला आणि अर्धी ओळ गुणगुणले. टॅबमधून गायकांनी पहिला सूर लावला. भजन होतं.

“चुकलीस,” बाबा म्हणाले आणि आवाज वाढवला.